सिंगापूर ते क्वालालंपूर : विमान पाऊण तास, प्रवास किती तास?

पुढच्या महिन्यात आईबाबा पुण्याहून इथे सिंगापूरला येतायत. चार दिवस राहून आम्ही सगळे क्वालालंपूरला जाणार. सरळ रेषेत अंतर जेमतेम ३०० किलोमीटर, रस्त्याने साधारण ३५०. विमानाच्या तिकिटावर सव्वा तासाच्या आत-बाहेर वेळ दिसते. बाबांचं म्हणणं, "पुणे-नागपूरच्या निम्मं अंतर, त्याला विमान कशाला?" तुम्ही कसे गेलात? घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे तास सांगा, तिकिटावरचे नकोत.

दर सोमवारचा प्रवासी
दोन वर्षं ऑफिससाठी ये-जा केली. हवेत पाऊण तास, पाण्याची बाटली उघडेपर्यंत विमान उतरायला लागतं. पण विमानतळ सेपांगला, शहरापासून पन्नासेक किलोमीटर लांब. तिथून एक्सप्रेस ट्रेनने केएल सेंट्रल, म्हणजे क्वालालंपूरचं मुख्य स्टेशन, २८ मिनिटं, दुसऱ्या टर्मिनलवरून ३३. सकाळी सहाला घर सोडलं की ऑफिसात पोचेपर्यंत पावणेअकरा. दुपारचं विमान शक्यतो नको, तिकडे दुपारी-संध्याकाळी गडगडाटी पाऊस नेहमीचा.

बसवाली सून
आमचे साडेनऊ तास! शुक्रवार संध्याकाळ आणि वर शाळांच्या सुट्ट्या, म्हणजे चूक आमचीच. वुडलँड्सला, म्हणजे सिंगापूरच्या सीमानाक्यावर उतरा, पासपोर्ट दाखवा, परत बस. जेमतेम किलोमीटरभराचा कॉजवे (समुद्रावरचा भरावाचा रस्ता) ओलांडायला दीड तास. मग पलीकडे मलेशियातल्या जोहोर बाहरूला सगळं सामान घेऊन पुन्हा उतरा. तिथे सासूबाईंचा बेसनलाडवांचा डबा स्कॅनरमध्ये अडला. अधिकारीणबाईंनी झाकण उघडून वास घेतला, हसून परत दिला. तेवढ्यात आमची बस निघून गेली होती! वीसेक मिनिटंच थांबणार हे ड्रायव्हरने आधी सांगितलं होतं म्हणे, आमच्या कानावर नाही आलं. त्याच कंपनीच्या पुढच्या बसमध्ये हातापाया पडून जागा मिळवली, त्यातही सासूबाई एकीकडे, मी दुसरीकडे. बसचा नंबर फोटो काढून ठेवा, एवढंच सांगते.
एरवी मंगळवार-बुधवारी सकाळी निघालात तर पाच-सहा तासांत पोचाल. सीट ऐसपैस असतात, रस्ता लोण्यासारखा.

जुना सेरंगूनकर
२०११ च्या आधी सिंगापुरातल्या तांजोंग पागार स्टेशनातून क्वालालंपूरची रेल्वे सुटायची, तेव्हा गंमत होती. मलेशियाचे अधिकारी स्टेशनातच बसलेले, सिंगापूरचे पुढे वुडलँड्सला. म्हणजे आधी मलेशियात प्रवेश आणि मग सिंगापुरातून बाहेर! गाडी रमतगमत जायची, ऑइल पामच्या रांगा मोजत. नंतर दीड तासाच्या हायस्पीड रेल्वेचा करार २०१६ ला झाला, २०२० अखेर बारगळला. आमच्या पिढीला काही ती मिळाली नाही.

आई-बाबांना दोनदा फिरवलेली
तासांचं सोडा, आधी त्यांचा सिंगापूरचा व्हिसा बघ. एकदाच प्रवेशाचा असेल आणि परत सिंगापुरात यायचं असेल तर पंचाईत. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड निघायच्या आधीच्या तीन दिवसांत भर. आणि बाबांचे गुडघे कसे आहेत? बसने गेलात तर दोनदा जिने, दोनदा रांगा.

धागाकर्ती
व्हिसा बघितला, अनेकदा प्रवेशाचा आहे. हुश्श. बाबांना सगळं वाचून दाखवलं. गुडघ्यांबद्दल अवाक्षर नाही, आता विचारतायत खिडकीची सीट उजवीकडची घ्यायची की डावीकडची. बसची.