फुटबॉलपटू अनास एडथोडिकाला इंडियाकडून खेळायला तिशी का गाठावी लागली?

बालेवाडी_ईस्ट_स्टँड
अनासचं एक कोडं मला सुटत नाही. 2007 ला मुंबई एफसीकडून सुरुवात, पुढच्याच वर्षी टीम सेकंड डिव्हिजनमधून वर आय-लीगमध्ये (तेव्हाची देशातली टॉप लीग), मग 2011 पासून 2015 पर्यंत आमच्या पुणे एफसीचा स्टॉपर (मधला डिफेन्डर), 2012-13 ला आपण लीगमध्ये दुसरे आलो तेव्हाही मागे हाच उभा, आणि एवढं करून सीनियर टीमचा डेब्यू कधी तर मार्च 2017, वय वर्षं 30. तोवर पुणे एफसीला टाळं लागून पण दोन वर्षं होत आली होती. आडवं काय आलं नक्की? दुखापत वगैरे सोडून सांगा, ते सगळ्यांनाच असतं.

कूपरेज_गेट
सोपं आहे, बघितलंच कोणी नाही. आय-लीगला मुंबईत कूपरेज आणि पुण्यात बालेवाडीला किती पब्लिक यायचं तुम्हाला माहितीये. आयएसएल (इंडियन सुपर लीग) आल्यावर दिल्ली डायनामोजमध्ये गेला, 2015 ला कोच रॉबर्टो कार्लोस, 2016 ला झांब्रोट्टा, दोघंही वर्ल्ड कप जिंकलेले डिफेन्डर आणि दोघांनीही याला खेळवलं, टीम दोन्ही वेळा सेमीला. मग रोज टीव्हीवर दिसायला लागला तेव्हा लोकांना शोध लागला की अरे हा भारी आहे! मलप्पुरमचा पोरगा, लहानपणी घरासाठी रिक्षा चालवलेली, ही स्टोरी पण पेपरवाल्यांना तेव्हाच मिळाली, त्याआधी मुंबईत इतकी वर्षं काढली तेव्हा कोणाला पडली नव्हती.

जुना_स्टॉपर
सगळं टीव्हीवर ढकलू नका हो. 2011 पर्यंत महेश गवळी, गौरमांगी, अन्वर अली होते (जुना अन्वर, हल्लीचा नाही), त्यांना बसवून कोण याला घेणार होतं. आणि स्टॉपरची जोडी कोच सहसा मोडत नाही, विंगरला शेवटची 20 मिनिटं देऊन बघता येतं, स्टॉपरला कोण देतंय? पण हां, 2011 नंतरच्या सहा वर्षांचं उत्तर माझ्याकडे पण एकच आहे आणि ते कडू आहे. 2017 च्या जानेवारीत मोहन बागानकडून आय-लीग खेळायला लागला आणि मार्चमध्ये इंडियाचा तेव्हाचा कोच कॉन्स्टंटाईनच्या टीममध्ये. कोलकात्याची जर्सी घातली की दिसायला लागतो माणूस. महाराष्ट्रातल्या क्लबांची कधी लॉबीच नव्हती, आता तर ते दोन्ही क्लबच नाहीत.

शाहू_स्टेडियम_कोल्हापूर
लॉबी बिबी असंल भावा पण मूळ दुखणं येगळंच हाय, स्टॉपर चुकला तरच पब्लिकला त्याचं नाव कळतंय. आमच्याकडं कोल्हापुरात पीटीएम क्लबची मॅच असू दे नाहीतर खंडोबाची, खांद्यावर घेत्यात ते गोल मारणाऱ्यालाच. 2018 ला अंधेरीत इंटरकॉन्टिनेंटल कपची फायनल आठवा, केनियाला 2-0, दोन्ही गोल छेत्रीचे. त्यातला दुसरा गोल कसा झाला सांगा बघू? अनासनं मागनं लांब बॉल टाकला, छेत्रीनं छातीवर घेतला आणि डाव्या पायानं आत. त्या पासबद्दल कोण बोललंय?

कूपरेज_गेट
@शाहू_स्टेडियम_कोल्हापूर पटलं. पण पैशाच्या बाबतीत तरी न्याय झाला, 2017 च्या आयएसएल ड्राफ्टला (क्लब आळीपाळीने खेळाडू निवडतात तो) जमशेदपूरने सगळ्यात आधी यालाच उचलला, 1 कोटी 10 लाख, तेवढेच फक्त युजीनसन लिंगडोहला होते. डिफेन्डर पहिला जातो म्हणजे बघा.

बालेवाडी_ईस्ट_स्टँड
@जुना_स्टॉपर मोहन बागानचा मुद्दा डोक्यात आला नव्हता, तारखा लावून बघितल्या तर बसतोय. पण मग आणखी वाईट वाटतं, कारण मिळाली किती वर्षं? जानेवारी 2019, शारजा, बहरीनविरुद्ध ड्रॉ झाला असता तरी एशियन कपच्या पुढच्या राउंडला गेलो असतो, हा पहिल्या काही मिनिटांतच लंगडत बाहेर, आणि शेवटी इंज्युरी टाइममध्ये पेनल्टीवर गोल खाल्ला. दुसऱ्या दिवशी रिटायरमेंट जाहीर.

जुना_स्टॉपर
तिथे संपलं नाही. इंडियाचा पुढचा कोच स्टिमाचने परत बोलावला. ऑक्टोबर 2019 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर बांगलादेशविरुद्ध नेहमीचा स्टॉपर झिंगन जखमी होता म्हणून अनास आणि गोव्याचा आदिल खान अशी जोडी लावली, 1-1, बरोबरीचा गोल आदिलचा 88 व्या मिनिटाला. यूट्यूबवर ती मॅच मिळाली तर फक्त मागचे दोघं बघा, बॉलकडे बघूच नका.