पोस्टग्रेस डेटाबेस: '=' स्वतःचं लिहावं की मजकूरच धुऊन घ्यावा?

खटपट्या (धागाकर्ता)
'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात 'ऱ' हा एकच कोड, दुसऱ्यात 'र' आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन. पडद्यावर फरक नाही, पण डेटाबेसच्या लेखी ही दोन गावं. म्हणून मी 'गावनाव' असा टाइप (डेटाचा नवा प्रकार) केला, दोन्ही रूपं समान धरणारं '=' लिहिलं, ऑपरेटरला हॅशेसही लावलं (म्हणजे हॅशने जुळवणी चालेल अशी खूण). हॅश फंक्शन (मजकुरावरून एक आकडा काढणारं) मात्र साध्या टेक्स्ट टाइपचं जुनंच जोडलं. चाचणीच्या २०० ओळींत सगळं गोड. खरा डेटा भरला आणि जॉइनमधून (दोन टेबलांच्या ओळी जुळवताना) कऱ्हाडच्या ओळी गायब! एरर नाही, काही नाही. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. एक्सप्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो त्याचा आराखडा) पाहिलं तेव्हा कळलं: छोट्या टेबलांवर नेस्टेड लूप होता (ओळीमागून ओळ '='ने तपासणं), मोठ्यांवर हॅश जॉइन (आधी हॅश जुळवणं). हॅशच वेगळे, त्यामुळे माझ्या '='ला कुणी विचारलंच नाही. आता आधी नॉर्मलाइझ (दोन्ही रूपं एकसारखी करणं), मग हॅश. तरी मत कायम: समानतेचा नियम टाइपमध्येच हवा. ॲपमध्ये ठेवला तर उद्या कुणीतरी थेट डेटाबेसमध्ये सीएसव्ही फाइल ओततो.

घाटमाथा
सीएसव्हीची भीती कशाला? पोस्टग्रेसच्या आवृत्ती १३पासून 'इज एनएफसी नॉर्मलाइझ्ड' आहे (मजकूर युनिकोडच्या ठरावीक रूपात आहे का, ते सांगतं). कॉलमवर चेक (अट) लावा, चुकीची ओळ आत येणारच नाही. उलट तुमच्यासारखा बेस टाइप (मुळापासून नवा टाइप) आणि ऑपरेटर क्लास (त्याचं '=' आणि हॅश यांची जोडणी) करायला सुपरयूजर (सर्वाधिकार असलेलं खातं) लागतो. आमच्या क्लाउडवर तो मिळत नाही, तिथे तुमचा टाइप दारातच अडला.

खटपट्या
सुपरयूजरचं मान्य. पण चेक ओळ नाकारतो, दुरुस्त करत नाही. शिवाय मला कागदावरचं मूळ रूप तसंच ठेवायचंय. पोस्टग्रेसचा न्यूमेरिक (दशांश आकड्यांचा) टाइप बघा: १.० आणि १.०० समान, छापताना मात्र दोन्ही आपापल्या रूपात. हॅश करताना शेवटची शून्यं वगळतात, बस.

घाटमाथा
मूळ रूप हवं तर दुसरा कॉलम ठेवा. जनरेटेड (आपोआप भरल्या जाणाऱ्या) कॉलममध्ये नॉर्मलाइझ केलेलं नाव, जॉइन त्यावर. नवा माणूस स्कीमा (टेबलांची रचना) वाचून समजेल. तुमच्या '='मध्ये काय दडलंय हे त्याला कोण सांगणार?

अर्धविराम
भांडणात तेल ओततो. 'कराड'ही समान धरा की! एका-दोन अक्षरांचा फरक चालवून घ्यायचा.

खटपट्या
नाही हो, तिथे मीही घाटमाथ्यांच्या बाजूला. अ जवळ ब, ब जवळ क, म्हणून अ जवळ क होत नाही. असल्या समानतेला हॅश बसवताच येत नाही. पोस्टग्रेसचा पॉइंट टाइप घ्या, त्याची तुलना थोडी ढील देऊन होते. त्याला हॅश क्लास नाही, बी-ट्रीचाही (क्रमाने लावणाऱ्या इंडेक्सचा) नाही. डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणं) लावून बघा, थेट एरर. कराडसाठी वेगळं नावांचं टेबल.

अर्धविराम
बरं, मग जुन्या फाइलींतलं तिसरं रूप? र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह), मग ह. दिसायला तेच कऱ्हाड. नॉर्मलाइझ त्याला हात लावत नाही.

घाटमाथा
अरे देवा. म्हणजे माझा चेकही ते आत सोडतोय.

खटपट्या
आणि माझा हॅशही. आज रात्री पुन्हा बसतो.