फ्रिज घेताना काय बघितलंत? अनुभव लिहा

आमचा जुना फ्रिज आता कुरकुरायला लागलाय, नवीन घ्यायचाय. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न, किती लिटर? आता आपल्याला लिटरमध्ये कुठं कळतंय! घरी सासूबाई धरून चौघं, स्वयंपाक रोज ताजा, मे महिन्यात आमरस, फ्रीझरमध्ये मटार आणि खवलेला नारळ सोडला तर काही नसतं. तुमच्याकडे कोणता आहे आणि त्यात रोज ठेवता काय, ते लिहा. कंपन्यांवरून भांडण नको प्लीज.

कोथरूड, सहा माणसं
फ्रीझर खाली असलेला घेतलाय. शाकाहारी घर, फ्रीझर कधीतरी उघडतो, दिवसभर चालू असतो तो वरचा भाग, मग वाकायचं कशाला? भाजीचा ड्रॉवर कमरेच्या उंचीला आलाय, आईचे गुडघे दुखतात, तिला सगळ्यात जास्त फायदा झालाय. मॉडेलं कमी मिळतात आणि जरा महाग पडतो, पण घेतला ते बरंच झालं.

नारायण पेठ
मिस्टरांना साइड बाय साइड हवा होता, म्हणजे शेजारी शेजारी दोन उभी दारं असलेला. तो साधारण 90 सेंटीमीटर रुंद असतो, आमच्या जिन्याचं वळण मोजलं आणि विषय तिथंच संपला 😄 डबल डोअर घेतला, वर फ्रीझरचं वेगळं दार आणि खाली फ्रिजचं. अजून एक, फ्रिज भिंतीला चिकटून कोपऱ्यात बसणार असेल तर दार पुरतं उघडेल का ते बघा, नाहीतर आतले ड्रॉवर बाहेरच येत नाहीत. आणि बाजूचा पत्रा गरम लागला तर घाबरू नका, हल्ली आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या बऱ्याचदा तिथंच आत असतात, म्हणून तर बाजूला हवा खेळायला जागा सोडायची.

कर्वेनगर, भाड्याची खोली, दोघं मित्र
सिंगल डोअर. दूध, अंडी, डब्यातली उरलेली भाजी. बर्फ साचला की बटण दाबायचं आणि खालचा ट्रे ओतायचा, बास. खोली बदलली की टेम्पोत टाकून न्यायला सोपा.

सहकारनगर, निवृत्त
स्टारवर भुलू नका. स्टार त्या आकाराच्या आणि प्रकाराच्या फ्रिजपुरते असतात, त्यामुळे मोठा 3 स्टारवाला लहान 2 स्टारवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते वाचा. लेबल कोणत्या काळासाठी आहे तेही बघा, कारण निकष मधूनमधून कडक होतात आणि जुना 5 स्टार नव्या तक्त्यात खाली घसरतो. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांपुढे वाढतो, 300 च्या पुढे आणखी, म्हणून हिशोब तुमच्या बिलातल्या सगळ्यात वरच्या दराने करायचा. दोन मॉडेलांत वर्षाला 50 युनिटांचा फरक असेल आणि तो दर 12 रुपये धरला तर 600 रुपये झाले. त्यासाठी किमतीत किती जास्त मोजायचे ते ज्याचं त्यानं ठरवावं.

वाकड, नवरा-बायको दोघंही नोकरीला
आमचं उलटं आहे, फ्रीझरच आधी भरतो! रविवारी मासे आणि चिकन आणून साफ करून डब्यात. कन्व्हर्टिबल घेतलाय, गणपतीत पाहुणे आले की फ्रीझर रिकामा करून त्याचाच फ्रिज करतो, मिठाई-फळं सगळं मावतं. डबे घट्ट झाकणाचे हवेत हं, फ्रॉस्ट फ्रीमध्ये, म्हणजे बर्फ साचत नाही त्या फ्रिजमध्ये, पंखा हवा फिरवतो त्यामुळे वासही फिरतो, आणि उघडी ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत सुकते.

हे विचारायचं राहिलं (धागा काढणारीच)
वाकडकर, गुरुवारी दुरुस्तीला लाइट घालवतात तेव्हा मासे टिकतात का?

वाकड
टिकतात की. दार उघडायचंच नाही. बंद ठेवलं तर फ्रिज चारेक तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीझर तर त्याहून कितीतरी जास्त वेळ.

हडपसर
ताई, जुना काढायच्या आधी एक करून बघा. दारात नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा, अलगद निघून आली तर रबर ढिलं झालंय, ते एकटं बदलून मिळतं आणि खर्च नव्या फ्रिजच्या मानाने किरकोळ येतो. मेकॅनिक कॉम्प्रेसर गेला म्हणाला तर मात्र दुसऱ्याला दाखवून मगच काय ते ठरवा.