हंटरडन काउंटीत ८.६ एकर: फार्मलँड असेसमेंट कधीपासून मिळेल?

रानवारा:
न्यू जर्सीत हंटरडन काउंटीतली ८.६ एकर जागा मार्च २०२६ मध्ये नावावर झाली. घर, लॉन, ड्राइव्हवे मिळून १ एकर, मोकळं माळ ४ एकर, छोटं तळं ०.१ एकर आणि उरलेली ३.५ एकर झाडी. माळ बरीच वर्षं पडीक आहे. अर्धा एकर मेथी-भेंडी लावून वर्षाला १,००० डॉलरची विक्री दाखवली की फार्मलँड असेसमेंट (शेतीखालच्या जमिनीला प्रॉपर्टी टॅक्समध्ये सवलत) मिळून जमिनीचा टॅक्स उतरतो, असं जो तो सांगतो. यंदा १ ऑगस्टच्या आत अर्ज दिला तर २०२७ पासून फायदा धरायचा का?

बांधकरी:
२०२७ विसरा. या सवलतीच्या १९६४ च्या कायद्याप्रमाणे टॅक्सवर्षाच्या लगत आधीची सलग दोन वर्षं जमीन शेतीखाली असावी लागते. तुमची दोन वर्षं म्हणजे २०२६ आणि २०२७. अर्ज १ ऑगस्ट २०२७ पर्यंत, फायदा २०२८ पासून. तोही यंदाच पेरणी झाली तर.

पण खरी अडचण क्षेत्राची आहे. किमान ५ एकर लागतात आणि घराखालची, घरासाठी वापरातली जागा त्यात धरत नाहीत. गोठा, शेड, ग्रीनहाऊस, तळं यांच्या खालची जागा मात्र धरतात. म्हणजे तुमचे भरतात ४.१. झाडी शेतीला पूरक म्हणून जोडता येते, पण आधी झाडीशिवायची ५ एकर शेती उभी असेल तरच. असेसर (टॅक्ससाठी आकारणी करणारा अधिकारी) नेमका इथेच अर्ज नाकारतो, आणि लोक पावत्यांची फाइल घेऊन भांडत बसतात.

दोन वाटा आहेत. एक, झाडीतला १ एकर मोकळा करून लागवडीखाली आणायचा. टाऊनशिपचा वृक्षतोडीचा नियम आधी बघा. जागा पाणथळ असेल तर राज्याच्या पर्यावरण खात्याला विचारल्याशिवाय करवत लावू नका. तो एकर २०२७ मध्ये मोकळा झाला तर दोन वर्षांची मोजणीही तिथूनच सुरू होईल, हे ध्यानात ठेवा. दुसरी वाट, झाडीसाठी राज्याच्या मान्यताप्राप्त यादीतल्या फॉरेस्टरकडून (वनतज्ज्ञाकडून) वुडलँड मॅनेजमेंट प्लॅन, म्हणजे झाडीच्या व्यवस्थापनाचा आराखडा, करून घ्यायचा. मग दरवर्षी झाडीच्या माहितीचा डब्ल्यूडी-१ फॉर्म जोडायचा आणि प्लॅनमधली कामं खरोखर करायची. साडेतीन एकरासाठी हा खटाटोप परवडेल असं वाटत नाही.

रानवारा:
एक एकर मोकळा केला तर विक्री किती लागेल?

हिशेबनीस:
पहिल्या ५ एकरांना १,००० डॉलर (२०१५ च्या टॅक्सवर्षाआधी ५०० होते), त्यावर शेतीच्या प्रत्येक एकरामागे ५ डॉलर आणि झाडीच्या एकरामागे ५० सेंट. तुमची ५.१ एकर शेती आणि २.५ एकर झाडी धरली तर १,००१.७५. ही ढोबळ विक्री, नफा नव्हे. घरी खाल्लेली किंवा मित्रांना वाटलेली भाजी यात येत नाही.

'अर्धा एकर भाजी' हा सल्ला मात्र घातक आहे. पैसे अर्ध्या एकरातून आले तरी चालतील, पण बाकीचे साडेचार एकर पडीक दिसले तर अर्ज गेला. तिथे गवत लावा आणि वाळवून गठ्ठे विका. स्वतःकडे ट्रॅक्टर-बेलर नसेल तर जवळच्या शेतकऱ्याला लेखी कराराने जमीन द्या. त्याने विकलेला माल तुमच्या जमिनीच्या खात्यात धरला जातो, त्याने दिलेलं भाडं नाही. म्हणून पावत्यांच्या प्रती तुम्हाला द्यायच्या, ही अट करारातच घाला. भाजी इंडियन ग्रोसरीला दिली तर पावतीवर तारीख, माल, वजन, दर आणि दुकानाचं नाव हवंच. बाजारात रोखीने विकत असाल तर रोजची वही ठेवा.

बांधकरी:
सातबाऱ्यावर एकदा नोंद झाली की निश्चिंत, असं इथे नाही. एफए-१ (सवलतीचा मूळ अर्ज) आणि विक्रीचा जोडफॉर्म दरवर्षी नव्याने द्यायचा. तारीख चुकली तर ते वर्ष गेलं. मालकाच्या आजारपणासारख्या मोजक्या कारणांनाच सवलत मिळते. अर्ज हातोहात द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का घ्या. नकाराची नोटीस १ नोव्हेंबरपर्यंत येते, तिच्यावर अपील काउंटी टॅक्स बोर्डाकडे पुढच्या १ एप्रिलपर्यंत. अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर ५,००० डॉलरपर्यंत दंड आहे.

हिशेबनीस:
एक राहिलं: घर आणि त्याची १ एकर जागा पूर्ण भावानेच आकारली जाईल. नवी शेड बांधलीत तर इमारतीवरही नेहमीचाच टॅक्स. सूट फक्त शेतीखालच्या जमिनीवर.

रानवारा:
पुढे मुलीसाठी त्याच जमिनीत दुसरं घर बांधलं तर?

हिशेबनीस:
जेवढी जमीन शेतीतून निघेल तेवढ्यावर रोलबॅक टॅक्स: वापर बदलला ते वर्ष आणि आधीची दोन वर्षं, पूर्ण आकारणी आणि भरलेला टॅक्स यांतला फरक. जमीन नुसती विकल्याने तो लागत नाही, वापर बदलल्याने लागतो. तुमच्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट अशी की, दुसऱ्या घराने पाव एकर घेतला तर ५.१ चे ४.८५ उरतील आणि सगळीच जमीन सवलतीतून बाहेर जाईल. तेव्हा मोकळं करायचंच असेल तर एकाऐवजी दीड एकर करा.