लिबर्टीच्या किटमधून ‘फोर्ट स्टिकिन’ करता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ट्रम्पेटर कंपनीचं १/३५० मापाचं ‘जेरेमाया ओब्रायन’ जहाजाचं मॉडेल-किट दिवाळीपासून कपाटावर पडून आहे. लिबर्टी जहाज (दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन मालवाहू), मॉडेल पूर्ण झालं की साधारण साडेअडतीस सेंटिमीटर. पण मला ओब्रायन करायचंच नाहीये. करायचंय ‘फोर्ट स्टिकिन’, १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोटात उडालं ते जहाज. आजी तेव्हा डोंगरीला राहायची. फळीवरची सगळी भांडी खाली आली, एवढंच सांगायची. पण दर वेळी सांगायची.

स्टिकिनचं तयार किट मला कुठे मिळालं नाही. दोन्ही जहाजांचं मूळ सुंदरलंडच्या एकाच ब्रिटिश आराखड्यात, लांबीरुंदीही जवळपास तीच, तेव्हा हल, म्हणजे जहाजाचं खालचं अंग, चालून जाईल. गोची आहे वरच्या बांधकामात. लिबर्टीत ब्रिज (जहाज हाकायची जागा), खोल्या, धुराडं सगळं एकाच ठोकळ्यात आणि तीन नंबरचं हॅच (मालाच्या खणाचं डेकवरचं तोंड) त्याच्या पुढे. स्टिकिनसारख्या ‘फोर्ट’ जहाजांमध्ये ठोकळे दोन: पुढे ब्रिज, मागे धुराडं, आणि तीन नंबरचं हॅच या दोघांच्या मधे. (आग लागली ती दोन नंबरच्या खणात, म्हणजे ब्रिजच्या नाकासमोर. त्यामुळे नेमका हाच भाग चुकवून चालणार नाही.)

रविवारी ठोकळ्याला बारीक करवत लावली. तिसऱ्याच घासाला सरकली आणि दोन पोर्टहोलचं (गोल खिडक्यांचं) एक झालं. पुट्टी भरून घासलं, तर शेजारचा दरवाजाही सपाट!

आता हाच ठोकळा सावरू, की प्लास्टिक शीटचा नवा करू? आणि लिबर्टी वेल्ड केलेलं, फोर्ट बरंचसं रिव्हेटचं. हलवर रिव्हेट दाखवायचे का?

*

प्रतिसाद: ठोकळा नवाच कर, अर्ध्या मिलिमीटरच्या शीटचा. पोर्टहोल आधी पाडून घे, भिंती नंतर जोड. किटचं तीन नंबरचं हॅच अलगद सोडवून मागे बसव, फेकू नकोस. रिव्हेटच्या नादी लागू नकोस. या मापात रिव्हेटचं डोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, प्रायमरखाली गडप होतं. त्यापेक्षा पत्र्यावर पत्रा चढल्याची कड दाखव. टेप लाव, प्रायमरचे तीन हात दे, टेप काढ. बारीक पायरी उरते, तेवढी पुरे.

*

धागाकर्ता: दादा, धन्यवाद! टेपची युक्ती जुन्या हलवर करून बघितली, झकास जमली. आता पुढचं. बंबवाल्यांच्या नळ्या दोन नंबरच्या हॅचमध्ये सोडलेल्या दाखवायच्या आहेत. त्या दिवशी अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, ते वगळून हे जहाज करण्यात अर्थ नाही. माणूस पाच मिलिमीटरचा होतो, तो मिळेल. पण नळी कशाची करू? शिवणाच्या दोऱ्याला कुसं सुटतात आणि चार्जरच्या वायरमधली तांब्याची तार डेकवर लोळतच नाही, ताठ उभी राहते.