विषय: सांगलीच्या घरातल्या जुन्या गाद्या

नमस्कार मंडळी,

बाबा मार्चमध्ये गेले, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. डिसेंबरात तीन आठवडे सांगलीला जातेय. गावभागातलं घर रिकामं करून भाड्याने द्यायचं आहे. भांडी, पुस्तकं, कपाटं सगळ्यांची सोय लागली; अडलंय ते गाद्यांपाशी. माळ्यावर आजीच्या वेळच्या कापसाच्या चार गाद्या आहेत, एक काथ्याची आहे, आणि बाबा शेवटचे आठ महिने जिच्यावर पडून होते ती फोमची. 2019 च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं गेलं. या वर होत्या म्हणून वाचल्या.

शेजारचे काका फोनवर म्हणाले, "गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. टेम्पो सांग, घाटाच्या पुढे काठावर सोडून यायचं. सगळे तेच करतात." काकांचा हेतू चांगला आहे, पण मला कृष्णेच्या काठावर गादी टाकायची नाही. इथे मॅसॅच्युसेट्समध्ये 1 नोव्हेंबर 2022 पासून गादी कचऱ्यात टाकायलाच बंदी आहे. आम्ही गेल्या वर्षी पैसे भरून एक नेऊन दिली. तिथे नेमकं कुणाकडे जायचं? कुणी अलीकडे घर आवरलं असेल तर कळवा.

गावभागची लेक

०००

ताई, गादीचा एवढा विचार नका करू. आमचं कराडचं घर आवरलं तेव्हा सगळ्या गाद्या कामाच्या मावशींना दिल्या. त्यांना उपयोग झाला, आपलं घर दोन दिवसांत मोकळं झालं.

खजिनदार

०००

ताई,

मी मागच्या वर्षी मिरजेचं माहेर आवरलं, म्हणून सविस्तर लिहिते. खजिनदारांशी माझं या बाबतीत पटत नाही. कामाच्या बाईंना "घेऊन जा" म्हटलं की त्या नाही म्हणत नाहीत. मग कुबट गादी त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात जाते, आणि महिन्याभराने ती टाकायची वेळ त्यांच्यावर येते. आपली अडचण आपण त्यांच्या दारात नेऊन ठेवतो. द्यायचीच असेल तर आधी गादी दाखवा, विचारा, आणि नाही म्हणायला जागा ठेवा.

आता मुख्य काम. कुणालाही बोलावण्याआधी प्रत्येक गादीचा एक कोपरा उसवा. दाभण आणि कात्री पुरते. खोळीची शिवण वीतभर सोडायची आणि हात कोपरापर्यंत आत घालायचा. मी आईच्या गादीत हात घातला तेव्हा वरचा थर घट्ट दगडासारखा लागला, पण आतला कापूस कोरडा होता, बोटांनी ओढला की तंतू सुटत होता. असा कापूस म्हणजे कचरा नव्हे. त्याला फक्त पिंजायचं असतं. हाताला ओल लागली, काळे ठिपके दिसले, किंवा नाकाला तळघरासारखा वास आला, तर ती गादी वेगळी काढा. खोळीच्या शिवणीत आणि टाक्यांच्या खळग्यांत काळे बारीक डाग दिसले तर ते ढेकणांचे असतात. ती गादी घरातून हलवण्याआधी प्लास्टिकमध्ये गुंडाळा, नाहीतर जिन्याभर ढेकूण सांडतील. ऊन दिल्याने ढेकूण मरतात असं आपण मानतो, पण ते मरायला पन्नास अंशांच्या आसपास उष्णता लागते आणि गादीच्या पोटात ती पोचत नाही.

चांगला कापूस निघाला तर सरळ पिंजाऱ्याकडे जा. आपल्या भागात हे काम नदाफ मंडळी पिढ्यान् पिढ्या करत आली आहेत. माझ्या लहानपणी ते खांद्यावर पिंजण घेऊन दारात यायचे. अंगणात चटई टाकून बसायचे, तातेवर लाकडी मुठीने ठोका द्यायचे, आणि त्या टणत्कारासरशी कापूस उडून भोवती ढगासारखा साचायचा. आम्हाला त्यात लोळायला सक्त मनाई! आता बहुतेक ठिकाणी दुकानात मशीन असतं. कापूस आपल्यासमोर वजन करून द्या. पिंजताना धूळ आणि मोडका तंतू गळून पडतो, म्हणून दहा किलो दिला तर तेवढाच परत येत नाही; ही तूट आधीच बोलून घ्या म्हणजे मागाहून मन खट्टू होत नाही. खोळ मात्र नवी घ्या. जुन्या खोळीत पिंजलेला कापूस भरणं म्हणजे आंघोळ करून मळका सदरा चढवणं.

चार गाद्यांच्या चारच करायला हव्यात असं नाही. मी दोन मोठ्यांमधून एक गादी, दोन लोड आणि लहान मुलांसाठी चार पातळ गाद्या करून घेतल्या. पातळ गाद्या एका अंगणवाडीत दिल्या, तेही तिथल्या ताईंना आधी भेटून, मापं विचारून.

ज्या गादीचा कापूस काळा पडलाय तिची खोळ काढून टाका आणि कापूस विस्कटून खतात घाला. एकदम सगळा ढीग नको, तो ओला होऊन गच्च बसतो. शेणखत किंवा ओला कचरा, त्यावर मूठभर कापूस, पुन्हा शेणखत, असे थर द्या. तुमच्या घरात परस नसला तर कुणा शेतकऱ्याला विचारा. मात्र आधी खात्री करा की तो निव्वळ कापूस आहे. हल्लीच्या पुष्कळ गाद्यांत पॉलिस्टरचा कापूस मिसळलेला असतो. चिमूटभर जाळून बघा, कापसाची राख होते, पॉलिस्टरचा वितळून मणी होतो. काथ्याच्या गादीला रबर लावलेलं असतं, ती खतात घालू नका.

आणि काठावर टाकण्याबद्दल. शेजारच्या काकांना माझा नमस्कार सांगून हे जरूर सांगा: शय्यादानात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने अंथरूण दान करतात त्यात, नवी गादी द्यायची असते. जुनी नदीत सोडावी असं काही मी माझ्या सासऱ्यांकडून कधी ऐकलं नाही, आणि ते भिक्षुकी करायचे. शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याने कृष्णेला आधीच पुरेसं दिलंय. सांगली तेच पाणी पिते. फोम पाण्यात कुजत नाही, चुरा होऊन वाहत राहतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, धोक्याची पातळी 45 ची. ओसरल्यावर माझ्या भावाच्या गल्लीत दोन्ही बाजूंना भिजलेल्या गाद्यांच्या भिंती उभ्या होत्या. एकेक गादी चौघांना उचलत नव्हती. तो वास माझ्या भावाला आजही पाऊस लागला की आठवतो.

फोमचं डॉक्टरांनी सांगावं, माझा अधिकार नाही.

मिरजेच्या काकू

०००

काकूंनी माझं काम सोपं केलं. मी मिरजेलाच शिकलो, तेव्हा तिथली हवा आणि तिथली ओल दोन्ही ओळखीची आहे.

आजारी माणसाची फोमची गादी कुणालाही वापरायला देऊ नये. जंतूंची भीती इतक्या महिन्यांनी फारशी उरत नाही, पण आत मुरलेली लघवी आणि घाम यांवर बुरशी धरते, आणि फोम आतून धुता येत नाही. दम्याच्या माणसाला ते बाधतं. हाताळताना मास्क लावा, गॅलरीत काम करा.

जाळू मात्र अजिबात नका. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. तो पेटला की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतात, दोन्ही जीवघेणे. घनकचऱ्याच्या नियमांनीही कचरा उघड्यावर जाळणं, नाल्यात किंवा पाण्यात टाकणं नागरिकांना मना केलेलं आहे. लांब पात्याच्या सुरीने हातभर तुकडे करा, पोत्यांत भरा आणि प्रभागाच्या स्वच्छता निरीक्षकांना विचारून सुका कचरा म्हणून द्या. अख्खी गादी घंटागाडीत मावणार नाही, पोती मावतील. गादीत स्प्रिंगा असत्या तर लोखंड भंगारवाल्याने आनंदाने नेलं असतं.

इथल्या सदस्यांसाठी एक ओळ: शेजारच्या कनेक्टिकटने 2013 मध्ये कायदा केला आणि 2015 पासून नवी गादी विकतानाच पुनर्वापराचा खर्च घ्यायला सुरुवात केली. तसं तिकडे सांगलीत होईतो सुरी आणि पोती.

मिरजेचा डॉक्टर

०००

नमस्कार, हे सांगलीहून लिहितेय.

चारही गाद्या उसवल्या. तीन कोरड्या निघाल्या. चौथीच्या एका कडेला माळ्याचं पत्र्यातून गळलेलं पाणी मुरलं होतं, तेवढा भाग काळा. आजीने टाके लाल दोऱ्याने घातले होते आणि प्रत्येक टाक्याच्या गाठीखाली कापडाचा छोटा चौकोन, खोळ फाटू नये म्हणून. मी कापूस ओढायला लागले तर आत सरकी लागली, चांगली ओंजळभर. पिंजारीकाकांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, हा घरी वेचलेला कापूस दिसतोय. आजीचं माहेर शेतकरी होतं, तेव्हा असेलही.

काथ्याची गादी समोरच्या अपार्टमेंटच्या वॉचमनकाकांना आवडली. त्यांनी आधी उलटून, दाबून, वास घेऊन बघितली. मी नीट विचारलं, हवी असेल तरच घ्या. ते म्हणाले, घेतो, पण खोळ तेवढी नवी शिवून द्या. दिली.

बाबांची गादी मी एकटीने कापली. त्यांच्या खांद्याखाली जो खड्डा पडला होता तो कापेपर्यंत तसाच होता. तिथे सुरी लावायला बराच वेळ गेला. शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, मग आत येऊन पोत्याचं तोंड धरून बसले. सहा पोती झाली. निरीक्षकांनी मंगळवारची गाडी सांगितली होती, काकांनी स्वतः दोन पोती खाली उतरवली. घाटाचा विषय निघाला नाही.

काळा कापूस काकांच्या मेव्हण्याच्या मळ्यात, हरिपूर रस्त्याला गेला. बाकीचा बेचाळीस किलो भरला. उद्या दहा वाजता पिंजायला घेणार आहेत. काकू, तूट किती येते ते परवा कळवते.

गावभागची लेक