लहान मुलांना मोजायला आणि पैसे हाताळायला कसं शिकवलंत? अनुभव सांगा

माझी मुलगी सव्वाचार वर्षांची आहे. शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणते, कुणी घरी आलं की म्हणून दाखवते, सगळे शाब्बास म्हणतात आणि मलाही वाटत होतं की चला, हिचं मोजणं झालं, आता बेरीज घेऊ. मागच्या आठवड्यात ताटं मांडताना तिला म्हटलं, सहा चमचे आण गं. ती मूठभर घेऊन आली. मी म्हटलं मोज बरं किती आणलेस. तर बोट हळूहळू सरकतंय आणि तोंड भराभर पुढे पळतंय, नऊ चमच्यांचे चौदा झाले. मग विचारलं, "म्हणजे किती आहेत?" तर तिने परत पहिल्यापासून एक, दोन, तीन सुरू केलं. तीनदा विचारलं, तीनदा पहिल्यापासून. तेव्हा लक्षात आलं की तिच्यासाठी ही एक कविता आहे, "किती" या प्रश्नाचं उत्तर नाही.

त्यात आता तिला पैशांचंही कुतूहल आहे, नाणी काढून रांगेत लावत बसते. म्हणून हा धागा काढतेय. तुमच्या मुलांचं काय झालं, कुठे अडलं, कशाने सुटलं, सविस्तर लिहा. चुकलेलंही लिहा, त्याचा जास्त उपयोग होतो.

बालवाडीची ताई

तुमच्या मुलीचं काहीही चुकत नाहीये, आधी हे सांगते, कारण पालक हे बघून फार घाबरतात. मी बरीच वर्षं चिमुकल्यांना शिकवतेय आणि हे दरवर्षी दिसतं. रॉशेल गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली मोजण्यामागची तत्त्वं मांडली होती, त्यातली तीन मला रोज उपयोगी पडतात. एका वस्तूला एकच अंक. अंकांचा क्रम ठरलेला. आणि शेवटचा उच्चारलेला अंक म्हणजेच एकूण किती. तुमच्या मुलीला दुसरं येतंय, पहिलं अर्धं येतंय आणि तिसरं अजून यायचंय.

तिसरं येतं ते टप्प्याटप्प्याने. "एक दे" म्हटलं की बरोबर एक देतात, दोन मागितले की मूठ. मग काही महिन्यांनी दोन जमतात, तीनला मूठ. मग तीन. आणि तीन-चारपर्यंत आलं की एक दिवस अचानक सगळंच उलगडतं, मग पाच मागा, आठ मागा, मोजून देतात. यात कित्येक महिने जातात आणि ते जाऊ द्यायचे असतात.

मी काय करते, तर "मोज" म्हणायचं जवळजवळ बंद केलंय, "आण" म्हणते. तीन बटणं आण, दोन पेन्सिली आण. आणि मोजताना वस्तू हलवायला लावते. खोबणी असलेला ट्रे घ्या, एकेका खोबणीत एकेक बटण, टाकताना अंक म्हणायचा. मोजलेलं इकडे, न मोजलेलं तिकडे. नुसतं बोट ठेवून मोजताना तोंड पुढे पळतं, वस्तू उचलावी लागली की तोंडाला थांबावंच लागतं. शेवटी मी हाताने सगळ्याभोवती गोल फिरवून म्हणते, "पाच. ही सगळी मिळून पाच." हा गोल फार महत्त्वाचा आहे, करून बघा.

जिन्यावरचा बाबा

आम्ही जिना चढताना मोजतो. दुसरं काही मुद्दाम केलं नाही. एका पायरीला एक अंक, पाय टेकल्याशिवाय पुढचा अंक नाही. वर पोचलो की "किती पायऱ्या?" उतरताना उलटे अंक. वजाबाकी त्याला आयती आली असं मला वाटतं.

पंचवीस की बावन्न

आमच्याकडे वीसच्या पुढे गाडी अडली आणि खूप दिवस अडली. मुलगा "पंचवीस" ऐकायचा आणि 52 लिहायचा, "बेचाळीस" म्हटलं की 24. मी सुरुवातीला चिडलो, लक्ष नाही म्हणून ओरडलोही, आणि त्याचं अजून वाईट वाटतं, कारण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की तो जे ऐकतोय तेच इमानदारीत लिहितोय. पंचवीसमधे पाच आधी ऐकू येतो आणि वीस नंतर! आपल्या मराठीत एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस, म्हणजे तीसला एक कमी, चाळीसला एक कमी, पोराला एकोणतीस ऐकलं की तीसच्या घरातलं काहीतरी वाटतं, तो 39 लिहायचा. आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम चालतो म्हणेस्तोवर नव्याण्णव येतो, तिथे एकोणशंभर नाही.

उपाय म्हणून मी आईसक्रीमच्या काड्या घेतल्या आणि दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले. गठ्ठे त्यानेच बांधायचे, हे महत्त्वाचं, कारण बांधताना तो प्रत्येक वेळी दहा मोजतो. मग "पंचवीस" म्हटलं की दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या समोर ठेवायच्या, गठ्ठे डावीकडे, आणि मग ते बघून लिहायचं. ऐकून लिहायचं नाहीच, बघून लिहायचं. मारिया माँटेसरींच्या पद्धतीत सोनेरी मण्यांच्या दहाच्या माळा असतात, कल्पना तीच, आमच्या काड्या. महिनाभर फक्त एवढंच केलं. बरोबरीने "पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच" असं दोन्ही म्हणायचो. एकोणतीसला तीन गठ्ठे ठेवायचो आणि एक काडी काढून घ्यायचो, तर गठ्ठा सोडावा लागायचा. तो रबरबँड सोडताना एकदा म्हणाला, "म्हणून एकोण!" तो क्षण मी विसरणार नाही.

एक सांगतो, हे अंकांचे शब्द पाठ करायला पर्याय नाही, ते म्हणून म्हणूनच तोंडात बसतात. पण 52 लिहिणाऱ्या पोराला गणित कळत नाही असं कृपा करून समजू नका.

दोघांची आई

पैशांचं सांगते. मोठा सात, धाकटी चार. एक दिवस धाकटी नाचत आली की माझ्याकडे जास्त पैसे आहेत. तिच्याकडची दहाची नोट दादाने घेतली होती आणि तिला एकेकाची चार नाणी दिली होती, आणि ती खूश! दादाला पक्कं माहीत होतं की तो काय करतोय.

मी दोघांनाही ओरडले नाही, पण मला ते सोडूनही द्यायचं नव्हतं. या वयात नग जास्त तेच जास्त वाटतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या प्याजे या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग वाचला होता, तेवढीच नाणी फक्त लांब लांब मांडली तरी मुलांना ती वाढल्यासारखी वाटतात. मी तो घरी करून बघितला, अगदी तसंच झालं. तिच्यासमोरच सहा नाणी पसरवली आणि ती म्हणाली, आता जास्त झाली.

तर मी जुन्या वहीचा चौकटीचा कागद घेतला आणि पट्ट्या कापल्या. एकच्या नाण्याला एक चौकट, दोनच्या नाण्याला दोन चौकटींची पट्टी, पाचला पाच, दहाच्या नोटेला दहा चौकटींची लांब पट्टी. प्रत्येक नाणं त्याच्या पट्टीवर ठेवायचं. मग दादाने दिलेली चार नाणी चार चौकटींवर मांडली आणि शेजारी नोटेची पट्टी ठेवली. ती खूप वेळ बघत बसली. मग तिने बोटाने रिकाम्या चौकटी मोजल्या आणि दादाकडे हात पुढे केला. सहा. दादाने मुकाट दिली. त्यानंतर काही दिवस ती पट्ट्या घेऊनच हिंडत होती, आणि दोन पाचाच्या पट्ट्या जोडल्या की दहाची होते हे तिचं तिने शोधलं, मी सांगितलं नाही. आकारावरूनही फसतात मुलं, मोठं नाणं म्हणजे जास्त किंमत, त्यालाही पट्टी बरी पडते.

कॅशवर बसलेला आजोबा

आयुष्यभर बँकेत कॅश काउंटरवर बसलो, त्यामुळे या विषयावर मला राहवत नाही. मुलांना उरलेले पैसे वजाबाकीने शिकवू नका. सदतीसची वस्तू आणि पन्नासची नोट, तर पन्नासातून सदतीस कागदावर वजा करायला लावलं की हातचा आला आणि पोरगं रडकुंडीला आलं. आम्ही काउंटरवर चढत जायचो. सदतीस. हातावर एक ठेवा, अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. आता एक दहा, पन्नास. हातात बघा काय आलं ते. तेरा. वजाबाकी केलीच नाही.

नातवाबरोबर दुकान-दुकान खेळतो. घरातल्याच वस्तू, किमतीच्या चिठ्ठ्या तो लिहितो. पैसे मात्र खरे वापरतो, खेळातले नाही, कारण खऱ्या नाण्याचं वजन आणि खऱ्या नोटेचा कागद हाताला कळावा लागतो. पहिल्या काही दिवसांत तो दुकानदार असताना मी बरोबर पैसे दिले तरी तो मला परत काहीतरी द्यायचाच. त्याला वाटायचं दुकानदाराने पैसे परत देणं हा रिवाजच आहे. मी ते मुद्दाम सुधारलं नाही, गल्ल्यातले पैसे संपले तेव्हा त्याचं त्यालाच कळलं.

आणि दीड, अडीच, पावणेदोन हे शब्द वापरत रहा. माझा नातू पाच वर्षांचा असताना विचारायचा, अडीचमधे अडीच काय असतं? दोन नाणी आणि एका नाण्याचं अर्धं चित्र काढून दाखवलं होतं.

शाळेतला गणित शिक्षक

आजोबा, अगदी मनातलं बोललात. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास 1985 मधे प्रसिद्ध झाला होता. पाचच मुलं होती, पण निष्कर्ष डोळे उघडणारा. धंदा करताना तोंडी विचारलेले हिशोब 98 टक्के बरोबर, आणि तीच आकडेमोड कागदावर मांडून दिली तर 37 टक्के. मुलांकडे रीत होती, फक्त ती वहीतली रीत नव्हती. मी तेव्हापासून वर्गात आधी विचारतो, "तू मनात कसं केलंस?" आणि ते फळ्यावर लिहितो. काहीजण तुमच्यासारखंच चढत जातात.

फोनवाली आई

आमचा प्रश्न वेगळाच. मी मुलाला म्हटलं, आत्ता नको घेऊया, पैसे नाहीत. तो म्हणाला, "फोन आहे ना, दाखव." त्याने मला रोख पैसे देताना जवळजवळ पाहिलंच नव्हतं! त्याच्या डोक्यात फोन दाखवला की वस्तू मिळते, त्यात कमी व्हायचं काही नाहीच.

आता आठवड्याच्या सुरुवातीला त्याच्या खर्चाचे पैसे रोख काढून काचेच्या बरणीत ठेवतो. फोनवरून त्याच्यासाठी काही घेतलं तर घरी आल्यावर तेवढे पैसे त्यानेच बरणीतून काढून माझ्या हातात द्यायचे. पहिल्यांदा देताना त्याने मूठ सोडलीच नाही, मग सोडली. बरणी काचेचीच हवी, पातळी खाली गेलेली दिसायला हवी.

स्पर्शाने

मला दिसत नाही, माझ्या मुलाला दिसतं. मी नाणी कडेवरून, जाडीवरून आणि आकारावरून ओळखते, नोटा पाकिटात वेगवेगळ्या घड्या घालून ठेवते. तो तीन वर्षांचा असल्यापासून माझ्याशेजारी बसून डोळे मिटून नाणी ओळखतो, आमचा तो खेळच आहे. त्यामुळे झालं असं की त्याने नाण्याकडे कधी "छोटं म्हणजे स्वस्त" असं बघितलंच नाही, प्रत्येक नाण्याचं नाव तो बोटांनी शिकला. बघणाऱ्या मुलांनाही हे जरूर करून द्या.

गल्ला फोडलेला बाबा

हे लिहायला अवघड जातंय. महिनाअखेरीला अडचण होती म्हणून लेकीच्या गल्ल्यातून पैसे घेतले, तिला न सांगता, पगार झाला की ठेवू म्हणून. तिने त्याच आठवड्यात गल्ला हलवून बघितला. आवाज कमी आला. ती काही बोलली नाही, फक्त गल्ला उचलून आईच्या कपाटात ठेवायला दिला.

मी तिला सगळं सांगितलं, माफी मागितली आणि कागदावर लिहून दिलं की इतके घेतले, अमुक तारखेला देणार. त्या तारखेला दिले, तिने मोजून घेतले, दोनदा. आठ वर्षांच्या मुलीने बापाकडून पैसे मोजून घेताना काय वाटलं ते मला शब्दांत नाही सांगता येत. आता ती बचत करते पण गल्ला अजून आईकडेच आहे.

बोटांवर मोजणारीची आई

माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. सात मोठा की आठ, हे तिला अजून बोटं बघितल्याशिवाय सांगता येत नाही. सगळे म्हणायचे आळशी आहे, शाळेत बोटं वापरायला बंदी होती, तर ती दप्तराखाली लपवून बोटं मोजायची. तपासण्या झाल्या, डिस्कॅल्क्युलिया निघाला, म्हणजे अंक आणि आकडेमोड शिकण्यातली अडचण. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना तो असतो म्हणे, बुद्धी चांगली असूनही. निदान झालं त्या दिवशी मी तिला मांडीवर घेऊन सांगितलं, बोटं वर काढ, टेबलावर ठेव, सगळ्यांसमोर मोज.

पैशांसाठी आम्ही तिला एकच रीत दिलीय, किमतीच्या वरची पहिली मोठी नोट द्यायची आणि उरलेले शांतपणे, गर्दीतून बाजूला होऊन मोजायचे. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा एकटी जाऊन आली. उरलेले पैसे तिने बोटांवरच मोजले होते आणि ते बरोबर होते.

धागा काढणारी

सगळं दोनदा वाचलं. काड्यांचे गठ्ठे करायला घेतलेत पण ते पुढचं आहे, आधी ताईंचा ट्रे. दहा दिवस झाले. "आण" म्हणतेय, "मोज" नाही. दोन बरोबर येतात, तीन बरोबर येतात. चार म्हटलं की अजून मूठच येते. काल मात्र मूठ घेऊन आली आणि माझ्याकडे द्यायच्या आधी दारातच थांबली, मुठीकडे बघितलं, आणि परत आत गेली.